संवत्सरीचा फोन

आमच्या घरचा तारेचा फोन वर्षातून एकदाच कामासाठी वाजायचा. एरवी त्यावर कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुली येत, किंवा आम्हाला गॅस एजन्सी समजून भांडणारे गृहस्थ. पण संवत्सरी, म्हणजे आम्हा जैनांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस, संपून दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला की सावद्याहून रुपचंदमामांचा फोन यायचा. माझी आई धनकुंवर, जिला सगळं घर बाई म्हणतं, ती आधीच फोनशेजारच्या खुर्चीत येऊन बसलेली असे. दुसऱ्या कोणी तो उचलायचा नाही. मामा म्हणत, "जीजी, मिच्छामि दुक्कडम." म्हणजे वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा कर. बाई म्हणे, "मिच्छामि दुक्कडम, रुपा." आणि रिसीव्हर खाली. मग बाई उपासाचं पारणं करी, म्हणजे वाटीभर मुगाचं पाणी घेई. सख्ख्या बहीणभावाचं वर्षभराचं बोलणं एवढंच.

ह्याला कारण माझं लग्न. आमच्यात भाच्याच्या लग्नात मामा मायरा, म्हणजे माहेरचा आहेर, घेऊन येतो, आणि बहीण आरतीचं ताट घेऊन दारात त्याची वाट बघते. मामांचा सावद्याला केळीचा व्यापार. नेमकी त्याच दिवशी त्यांची केळीची गाडी भरायला वेळ लागला, आणि इकडे बाई ताट घेऊन इतका वेळ ताटकळली की निरांजनातलं तूप संपलं. मामा आले तेव्हा भरल्या मांडवात ती म्हणाली, "केळी नीट गेली ना रे? मग झालं. बहीण काय, उभीच आहे." मामांनी मायऱ्याचं ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि पाणीसुद्धा न घेता परत गेले. तेव्हापासून ती सावद्याला गेली नाही आणि ते धुळ्याला आले नाहीत. धर्मानं वर्षातून एकदा क्षमा मागायला लावली आहे म्हणून तेवढा एक फोन उरला. ह्या सगळ्यात नवरदेवाचं मत काय, हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि अजूनही कोणी विचारलेलं नाही.

तर ह्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत गटारीसाठी रस्ता खोदला आणि तो फोन मेला.

मी तक्रार केली. लाइनमन आला, खड्ड्यात डोकावला आणि एखादा नातेवाईक गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, "आता तांब्याची तार कोणी टाकत नाही शेठ. फायबर घ्या. फोन नेटवरून चालेल. नंबर तोच राहील." माझा मुलगा मनन म्हणाला, घेऊन टाका. सून चेलना तर लगेच तयार झाली, कारण ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते आणि मोबाईलच्या नेटवर तिचं काम सारखं अडत होतं. बाईनं एकच प्रश्न विचारला, "रुपाला नवा नंबर पाठ करावा लागेल का?" मी म्हटलं, नाही. मग तिनं परवानगी दिली. मी आग्रा रोडवर शाळेची पुस्तकं आणि गाईडं विकतो. दहावीचं विज्ञान भाग एक आणि दोन माझ्या हातावरून किती वेळा गेलं असेल त्याला गणती नाही. एक फोन इकडचा तिकडे करणं मला जड जाईल असं मला वाटलं नाही.

टेलिफोन ऑफिसातल्या मॅडमनी कागद बघितले आणि म्हणाल्या, "कनेक्शन तुमच्या वडिलांच्या नावावर आहे. ते येतील का?" मी म्हटलं, ते आता कुठेच येऊ शकत नाहीत. त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि मृत्यूचा दाखला मागितला. तो दिला. वारसाचा दाखला मागितला. तोही दिला. शेवटी त्या म्हणाल्या, "आता नंबर बदलीसाठी ओटीपी येईल, तो तेवढा सांगा."

"कुठे येईल?"

"ह्याच नंबरवर. फोन वाजेल आणि आकडे ऐकू येतील."

मी म्हटलं, अहो, हा फोन मेला आहे म्हणून तर मी आलोय. त्या म्हणाल्या, ते बरोबर आहे, पण सिस्टीमला ते माहीत नाही. सिस्टीमला कळवण्याची काही सोय आहे का, असं मी विचारलं, तर त्यांनी ओटीपी टाकून अर्ज करायला सांगितलं. पुस्तकविक्रीच्या धंद्यात मी पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे, पण इतका गोल कधी पाहिला नव्हता.

मार्ग शेजारच्या झुलालनानांनी काढला. नाना सोनगीरकडचे, अहिराणी बोलणारे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, आणि कुठलीही बिघडलेली वस्तू दिसली की तिच्यावर आपला हक्क सांगणारे. ते म्हणाले, "शेठ, तार घरपाशी तुटेल शे. खांबावर तं जित्तीच शे ना? तठेच फोन जोडा." लाइनमनलाही हे पटलं. दुसऱ्या दिवशी नानांच्या शिडीवर मी, माझ्या हातात बाईचा जुना फोन, खाली शिडी धरून नाना, आणि डब्यात तारा जोडणारा लाइनमन, अशी आम्ही कॉलनीच्या कोपऱ्यावर फोनची वाट बघत राहिलो. फोन आला. मी आकडे मोठ्यानं म्हणून दाखवले, नानांनी ते आणखी मोठ्यानं म्हटले, आणि लाइनमननं मोबाईलवरून ऑफिसला कळवले. ओटीपी कोणालाही सांगू नका, असं त्यात शेवटी होतं. तोवर तो समोरच्या भाजीवाल्यालाही पाठ झाला होता. शाळेतली दोन मुलं त्यांच्या सरांना, म्हणजे माझ्या रोजच्या गिऱ्हाइकाला, मला दाखवत होती. मी वर बघत राहिलो.

फायबर आलं. एक पांढरी पेटी भिंतीवर लागली, तिला नवा फोन जोडला गेला. तो बसवणारा नवीन नावाचा तरुण होता. "काही अडचण आली तर फोन करा, दहा मिनिटांत येतो," असं सांगून तो गेला, आणि अडचण यायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

चेलनाचं काम असं की हॉटेलात खोली घेतलेली माणसं तक्रारीचा फोन करतात आणि हिनं त्यांची माफी मागायची. गरम पाणी आलं नाही, माफ करा. खोलीत डास होते, क्षमा असावी. बाई माळ ओढत ते ऐकायची. एकदा ती मला हळूच म्हणाली, "निर्मल, ही पोरगी तर रोजच संवत्सरी करते. आणि जी माणसं बघितलीसुद्धा नाहीत त्यांची." त्यानंतर बाईच्या मनात चेलनाची किंमत फार वाढली. पण कूलर लावला की चेलनाचा आवाज तुटायचा. गिऱ्हाइकाला "माफ" ऐकू जायचं आणि "करा" जायचं नाही. तिचे वरचे साहेब चिडायला लागले.

नाना आले. पेटीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "हाई पेटी आन् पोरगी, दोन्हीसना मधमा कूलर शे. त्याना पत्रामा बठ्ठं नेट अडकी जास." कूलरच्या पत्र्यात नेट अडकतं, हे माझ्या विज्ञानात कुठे बसतं ते मला कळेना, म्हणून मी ते धुडकावलं. मग त्यांनी पेटी गच्चीवर टांगायचा सल्ला दिला, तोही मी धुडकावला. समोरच्या मंजुळाबाईंनी पेटीचं तोंड पूर्वेला करायला सांगितलं. ते मात्र मी केलं, कारण मंजुळाबाईंना नाही म्हणण्यापेक्षा भिंतीला भोक पाडणं सोपं. तोंड फिरवताना ती बारीक काचेची तार मोडली. नवीन दहा मिनिटांत येतो म्हणाला आणि परवा आला. शेवटी कूलर दुसऱ्या खिडकीत नेला आणि आवाज सुधारला. नानांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच येऊन बघितलं आणि चहा मागितला.

फोनची तऱ्हा वेगळी. तो वाजायचा, समोरच्याचं आम्हाला ऐकू यायचं, पण आमचं त्याला जायचं नाही. हे कळलं ते चेलनाच्या वडिलांमुळे. आमचे व्याही बोदवडचे, बोलायला अतिशय गोड. त्यांनी फोन केला, मी उचलला आणि "जय जिनेंद्र, जय जिनेंद्र" असं ओरडत राहिलो. इकडे कोणी नाही असं समजून ते शेजारच्या माणसाला म्हणाले, "निर्मलकुमारांचा फोन त्यांच्यासारखाच आहे. नुसता वाजतो, कामाचा नाही." मी रिसीव्हर हळूच ठेवून दिला. घरात कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि ते का गेलं नाही हे बायकोला सांगता आलं नाही म्हणून तिचा स्वयंपाकही नाराज झाला.

त्यानंतर कंपनीच्या मदत केंद्राशी माझा परिचय वाढला. तिथला प्रत्येक जण मला पेटी बंद करून चालू करायला सांगे. मी करी. मग तो विचारी, "आता ठीक आहे का सर?" नाही म्हटलं की म्हणे, "असुविधेसाठी क्षमा असावी," आणि मला चेलनाची आठवण येऊन मी रागावू शकत नसे. कोणाच्या तरी घरची सून नाहीतर मुलगाच असणार. पण मला घाई होती. श्रावण निम्मा झाला होता, पर्युषण जवळ येत होतं, आणि बाई रोज सकाळी नव्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावून बघत होती. एका सकाळी तिनं विचारलं, "निर्मल, मला रुपाचं ऐकू येईल, पण त्याला माझं ऐकू गेलं नाही, तर ती क्षमा झाली का?" मी म्हटलं, तशी वेळ येणार नाही. ती म्हणाली, "त्याला वाटेल मी मुद्दाम बोलले नाही." त्या दिवसापासून मी दुकान मननवर टाकलं आणि मदत केंद्राला सोडलं नाही.

शेवटी कोणा एका मुलीनं माझ्याकडून मोबाईलवर पेटीच्या सेटिंगचं पान उघडून घेतलं आणि एका चौकटीतली खूण काढायला लावली. काढली. मी मोबाईलवरून घरी फोन लावला, बाईनं उचलला, आणि आम्ही दोघं एकाच खोलीत एकमेकांकडे पाठ करून बोललो. "ऐकू येतंय का बाई?" "येतंय. तुला?" "येतंय." बाईला जरा कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मी वाढवून ठेवला होता, तो आता खोलीभर यायला लागला. बाई हसली. तिच्या समोरचा एक दात पडला आहे, त्यामुळे ती सहसा तोंड उघडून हसत नाही. त्या दिवशी हसली. मी मदत केंद्राला दहापैकी दहा गुण दिले.

संवत्सरीला बाई पौषध करते. म्हणजे उपास करून दिवस-रात्र साधूसारखं राहायचं, दिवा नाही, पंखा नाही, विजेला हात नाही, कारण त्यात बारीक जीव मरतात. इतर बायका त्यासाठी स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानात, जातात. बाईचे गुडघे गेल्यापासून ती घरीच करते, आणि तिच्यासाठी आम्ही सगळं घरच स्थानक करतो. सूर्य मावळायच्या आत मी मेन स्विच बंद करतो, तो दुसऱ्या दिवशी बाईचं पारणं झाल्यावरच लावतो. माझ्या वडिलांपासूनची ही रीत. ह्याही वर्षी मी हात धुऊन, नवकार मंत्र म्हणून, मेन खाली ओढला. त्याआधी फोन वाजतो ना, ते मोबाईलवरून पुन्हा एकदा पाहिलं. व्यवस्थित वाजला. मला फार समाधान वाटलं.

सकाळी सूर्य उगवला, बाईनं पौषध पूर्ण केला आणि ती खुर्चीत येऊन बसली. स्वच्छ पांढरी साडी, हातात माळ. मी फोन फडक्यानं पुसून ठेवला होता.

फोन वाजला नाही.

"उशीर करायची सवयच आहे त्याला," बाई म्हणाली. ऊन खिडकीतून आत येऊन फरशीवर पसरलं. शेजारीपाजारी येऊन क्षमा मागून गेले. मुगाचं पाणी गार झालं, ते बायकोनं परत कोमट केलं, ते परत गार झालं. बाईनं वाटीकडे पाहिलं नाही. झुलालनाना आले, बाईपुढे हात जोडून म्हणाले, "अक्का, काही चुकनं व्हई तं माफ कर." मग मला बाजूला घेऊन विचारलं, "सावदाना फोन उना का?" मी नाही म्हटलं.

तेवढ्यात चेलना लॅपटॉप घेऊन आली. "पप्पाजी, बाईंचं पारणं झालं का? मेन लावायचा होता, माझं काम सुरू व्हायचंय," असं म्हणता म्हणता ती पेटीकडे बघायला लागली. पेटीवर एकही दिवा नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं.

जुना फोन एक्स्चेंजमधून तारेतूनच वीज घेऊन यायचा. घरात अंधार असला तरी तो वाजायचा, म्हणून तर इतकी वर्षं मेन बंद ठेवून बाईनं मामांशी बोलणं केलं. हा नवा फोन आमच्या घरच्या विजेवर जगतो. एरवी वीज गेली की चेलना मोबाईलवरून नेट घेई, तेव्हा घरचा फोन चालू आहे का हे बघायला कोण जातंय? विज्ञान भाग एक आणि दोन विकणाऱ्या माणसानं धर्म म्हणून स्वतःच्या हातानं तो बंद केला होता.

मी धावत जाऊन मेन लावला. पेटीवरचे दिवे एकेक करून हिरवे झाले. फोन गप्पच राहिला. मी बाईच्या पायाशी बसलो आणि तिला जमेल तसं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे त्यानं लावला असेल?"

"लावला असणार."

"मग त्याला काय ऐकू गेलं?"

मी म्हटलं, "हा नंबर बंद आहे, असं."

"म्हणजे मी बंद ठेवला," बाई म्हणाली. मी म्हटलं, बाई, तू नाही, मी. ती म्हणाली, "त्याला काय माहीत."

ती थोडा वेळ माळेचे मणी नुसतेच चाचपत राहिली. दुपार व्हायला आली होती. मग तिनं चष्मा लावला, रिसीव्हर उचलला आणि स्वतःच्या बोटानं नंबर दाबला. माझ्या लग्नापासून तिनं सावद्याला एकदाही फोन केला नव्हता. नंबर मात्र तिला पाठ होता.

तिकडे कोणी दुसरीनंच उचलला. "हॅलो, मी मुस्कान बोलतेय, कोण?" मामांची सून. बाई तिची बुवासा, म्हणजे नवऱ्याची आत्या. बाईनं नाव सांगितलं. तिकडे ती म्हणाली, "बुवासा, बाबूजी सकाळपासून तुम्हालाच लावत होते. आम्हाला हात लावू देत नव्हते. तुमच्याकडच्या कोणाचा मोबाईल नंबरही नव्हता आमच्याजवळ. आता... आता त्यांचं काही खरं नाही. सकाळी ते भानावर असतात. ऊन चढलं की माणसं ओळखत नाहीत. वर्षभर हेच चाललंय."

"दे त्याला," बाई म्हणाली.

रिसीव्हर हातातून हातात गेल्याचा आवाज आला. आवाज वाढवलेला होता, सगळ्या खोलीला ऐकू येत होतं. नाना दारातून जावं की थांबावं अशा अवस्थेत तिथेच राहिले.

"जय जिनेंद्र," मामा म्हणाले. आवाज स्वच्छ होता, मधे कुठे तुटत नव्हता.

"रुपा," बाई म्हणाली, "मिच्छामि दुक्कडम." आजवर नेहमी तिनं नंतर म्हटलं होतं.

"मिच्छामि दुक्कडम, मिच्छामि दुक्कडम," मामा अदबीनं म्हणाले. "पण माफ करा हं, ओळख लागली नाही. आपण कोण?"

बाईचे ओठ हलले. मला वाटलं ती नाव सांगेल. ती म्हणाली, "मी धुळ्याहून बोलतेय."

"धुळ्याहून?" मामांचा आवाज एकदम जवळ आला. "धुळ्याला माझी जीजी असते. सकाळपासून लावतोय मी तिला. फोनच बंद ठेवलाय तिनं. ह्या वर्षी तिनं मला माफ नाही केलं बघा."

बाईनं पदर तोंडाशी धरला.

"तुम्ही तिकडच्याच आहात, तर माझं एवढं काम कराल का?" मामा म्हणाले. "तिच्या घरी जाऊन सांगा, रुपानं फोन केला होता. आणि म्हणावं, पारणं कर. मी फोन केल्याशिवाय ती पाणी घेत नाही, उपाशी बसते. मला ठाऊक आहे. सांगाल ना तिला?"

"सांगते, भाऊ," बाई म्हणाली. "आत्ता सांगते."

तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला. मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, कारण मला तिच्याकडे बघवेना. उद्या अंधारातच गाडी काढतो, सकाळच्या आत सावदा गाठू, मामा भानावर असताना, असं मी म्हणालो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग ती चेलनाकडे वळली.

"मुगाचं पाणी आण ग," ती म्हणाली. "रुपाचा निरोप आलाय."